परीक्षक कोण होते?

बक्षीस कुणाला मिळालं हे सगळेच विचारतात. मला नोकरीत होते तेव्हापासून दुसरीच खोड आहे. वक्तृत्व स्पर्धेचा निकाल लागला की मुलं क्रमांक बघायला धावायची आणि मी फळ्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेली परीक्षकांची नावं वाचायचे. बँकेचे शाखाधिकारी असले की चोख पाठांतरवाला मुलगा पहिला येणार, आणि कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक असले की जरा अडखळणारी पण स्वतःचं काही सांगणारी मुलगी वर येणार, हे माझं गणित बहुतेक वेळा जुळायचं. (बहुतेक वेळा म्हटलंय हं, नेहमी नाही. एका वर्षी प्राध्यापकांनीच पाठांतराला पहिला नंबर देऊन टाकला होता!)

तर मंडळी, आज हीच खोड घेऊन अमेरिकेतल्या पुलित्झर पारितोषिकांकडे बघायचं आहे. वर्तमानपत्राच्या धंद्यातला हा सर्वांत मोठा मान. कुणाला मिळाला त्याच्या याद्या सगळीकडे सापडतात. देणारे कोण होते, पोटापाण्याला काय करत होते, हे पाहिलं की त्या याद्या वेगळ्याच दिसायला लागतात.

आधी थोडं मूळ पुरुषाबद्दल. जोसेफ पुलित्झर हा हंगेरीतल्या माको गावचा, जन्म १८४७ चा. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथे सैनिक हवे होते, म्हणून हा सतरा वर्षांचा पोरगा तिकडे गेला. इंग्रजीचा गंध नव्हता. युद्धानंतर सेंट लुईस शहरात एका जर्मन भाषेतल्या वर्तमानपत्रात बातमीदार म्हणून चिकटला. पुढे १८७८ मध्ये त्याच शहरात स्वतःचं पत्र केलं आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड' विकत घेतलं. १८९० नंतर हर्स्टच्या पत्राशी खपासाठी जी झटापट झाली तिच्यातूनच 'पीत पत्रकारिता' हा शब्द रूढ झाला. म्हणजे ज्या माणसाच्या पत्राने भडक मथळ्यांचा धडा घालून दिला, त्याच्याच नावाने आज सचोटीच्या पत्रकारितेचं पारितोषिक दिलं जातं. असो, माणसाला उत्तरायुष्यात पुण्य करावंसं वाटतं, त्यात वाईट काय.

१९०४ साली त्याने मृत्युपत्र केलं. तोवर डोळे जवळजवळ गेले होते. कोलंबिया विद्यापीठाला २० लाख डॉलर द्यायचे, त्यातून पत्रकारितेचं विद्यालय काढायचं आणि चौथा हिस्सा पारितोषिकं व शिष्यवृत्त्यांसाठी ठेवायचा. १९११ मध्ये तो गेला, १९१२ मध्ये विद्यालय सुरू झालं आणि १९१७ मध्ये पहिली पारितोषिकं दिली गेली. मृत्युपत्रात चार पारितोषिकं पत्रकारितेला होती आणि चार साहित्य-नाटकाला. खरी गंमत इथेच आहे, कारण दोन्हींचा शेवटचा निर्णय त्याने एकाच सल्लागार मंडळाच्या हाती दिला. त्या मंडळात कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष सोडले तर सगळे वर्तमानपत्रवाले, म्हणजे संपादक नाहीतर मालक.

रचना अशी, की प्रत्येक पारितोषिकासाठी जाणकारांची एक छोटी समिती. ती सगळं वाचणार आणि शिफारस करणार. तिच्या वर हे मंडळ, आणि मंडळाच्याही वर विद्यापीठाचे विश्वस्त. आपल्या दहावीच्या पेपरांसारखंच, परीक्षक, त्याच्यावर नियामक आणि वर बोर्ड. मी पुष्कळ वर्षं दहावीचे पेपर तपासले आहेत, त्यामुळे नियामकाने गुण बदलले की काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण आमचा नियामक निदान त्याच विषयाचा मास्तर असायचा. इथे कादंबरी तपासायला प्राध्यापक आणि त्यांच्यावर नियामक म्हणून वर्तमानपत्रांचे संपादक!

पहिल्याच वर्षी बातमीदारीचं पारितोषिक हर्बर्ट बेयर्ड स्वोप यांना मिळालं. त्यांचं वर्तमानपत्र कुठलं? न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड', म्हणजे पुलित्झरचंच. घरचं कार्य आणि पहिला आहेर घरातच. लेख चांगले होते हे खरं, पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत जाऊन लिहिलेले होते. पण धंद्यातल्या माणसांनी धंद्यातल्या माणसांना निवडायचं म्हटलं की हे असं होणारच.

साहित्याकडे पेच निराळा. कादंबरीची जी अट जाहीर झाली तिच्यात अमेरिकन जीवनाचं 'निकोप' वातावरण दाखवणारी कादंबरी असा शब्द होता. पुलित्झरने मात्र नुसतं 'संपूर्ण' वातावरण म्हटलं होतं. इंग्रजीत या दोन शब्दांत एका प्रत्ययाचाच फरक आहे. तो प्रत्यय जोडला कोलंबियाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी. हे गृहस्थ १९०२ ते १९४५ अध्यक्षपदावर होते. मूळचे तत्त्वज्ञानाचे पंडित, १९३१ चं शांततेचं नोबेलही त्यांच्या नावावर आहे. एक प्रत्यय जोडून त्यांनी अभ्यासक्रमच बदलून टाकला म्हणायचं.

त्याचा फटका १९२१ मध्ये बसला. समितीत तिघे होते. रॉबर्ट मॉर्स लोव्हेट हे शिकागो विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक, स्टुअर्ट शर्मन हे प्राध्यापक आणि समीक्षक, तर हॅम्लिन गार्लंड स्वतः कादंबरीकार. तिघांनी सिंक्लेअर लुइस यांची 'मेन स्ट्रीट' सुचवली. लहान गावातल्या कोत्या वृत्तीचं चित्रण म्हणून ती गाजत होती. मंडळाने ती बाजूला ठेवली आणि ईडिथ व्हार्टन यांच्या 'द एज ऑफ इनोसन्स'ला पारितोषिक दिलं. लोव्हेट गप्प बसले नाहीत. त्यांनी हा सगळा प्रकार एका साप्ताहिकात छापून जगजाहीर केला. लुइसनी मात्र पुढची 'बॅबिट' ही कादंबरी व्हार्टनबाईंनाच अर्पण केली. पारितोषिकावरचा राग त्यांनी मनात ठेवला होता, तो १९२६ मध्ये बाहेर आला. त्यांच्या 'ॲरोस्मिथ'ला पारितोषिक जाहीर झालं आणि त्यांनी ते चक्क नाकारलं. चारच वर्षांनी, १९३० मध्ये, साहित्याचं नोबेल घेणारे ते पहिले अमेरिकन झाले.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की संपादक म्हणजे अरसिक आणि प्राध्यापक म्हणजे रसिक. मलाही हे सरळसोट उत्तर आवडलं असतं. पण १९४१ साल आडवं येतं. त्या वर्षी हेमिंग्वेची 'फॉर हूम द बेल टोल्स' मंडळातल्या संपादकांना पसंत होती. आडवे आले ते बटलर, म्हणजे त्या खोलीतले सर्वांत विद्वान गृहस्थ. असल्या पुस्तकाशी विद्यापीठाचं नाव जोडलं जाऊ नये असं त्यांनी म्हटलं, आणि वर्तमानपत्रांतून सरकारला धारेवर धरणारे संपादक तिथे मान खाली घालून गप्प बसले. त्या वर्षी कादंबरीला पारितोषिकच दिलं नाही. हेमिंग्वेंना ते मिळायला १९५३ उजाडलं, तेही 'द ओल्ड मॅन अँड द सी' या छोट्या पुस्तकासाठी.

पुढची भांडणं भराभर सांगते. १९६३ मध्ये एडवर्ड अल्बी यांचं 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' हे नाटक समितीने सुचवलं, मंडळाने नाकारलं, आणि समितीवरचे दोघे, जॉन गॅस्नर आणि जॉन मेसन ब्राउन, राजीनामा देऊन मोकळे झाले. दोघांचा जन्म नाटकं बघण्यात, शिकवण्यात आणि त्यांवर लिहिण्यात गेलेला. १९७४ मध्ये तर तिन्ही परीक्षकांनी एकमताने थॉमस पिंचन यांची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' निवडली. आल्फ्रेड कझिन, एलिझाबेथ हार्डविक, बेंजामिन डीमॉट, सगळी समीक्षेतली भारदस्त नावं. मंडळाला ती वाचवेना. पारितोषिक नाही.

संगीतातलं एक उदाहरण मात्र मला चटका लावून जातं. १९६५ मध्ये संगीताच्या समितीने सुचवलं, की यंदा एका रचनेला पारितोषिक देण्याऐवजी ड्यूक एलिंग्टन यांच्या आयुष्यभराच्या कामाचा खास गौरव करावा. एलिंग्टन कृष्णवर्णीय, जॅझचे दिग्गज. सुचवणाऱ्यांतले विंथ्रॉप सार्जंट हे संगीत समीक्षक तर होतेच, पण तरुणपणी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवायचे. म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेला माणूस जॅझवाल्यासाठी शब्द टाकत होता, आणि ज्यांचा संगीताशी पेशा म्हणून संबंध नव्हता ते संपादक नाही म्हणाले. तिघांतल्या दोघा परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचे होते. खास गौरव झाला तो १९९९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. ते १९७४ मध्येच गेले होते.

बरं, साहित्य-संगीत संपादकांचं क्षेत्र नव्हे, तिथे चुकले असतील. पण स्वतःच्या अंगणात?

२८ सप्टेंबर १९८० च्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पहिल्या पानावर 'जिमीज वर्ल्ड' नावाचा लेख आला. जॅनेट कुक ही तरुण बातमीदार. विषय होता हेरॉइनच्या आहारी गेलेला आठ वर्षांचा मुलगा. शहर हादरलं. पोलिसांनी मुलगा शोधायला जंग जंग पछाडलं, सापडला नाही. वर्तमानपत्राने सांगितलं, आम्ही शब्द दिला आहे, नाव सांगणार नाही. लेख पुलित्झरसाठी पाठवला गेला तो स्थानिक बातम्यांच्या विभागात. मंडळाने तो उचलून विशेष लेखांच्या विभागात टाकला आणि तिथे त्याला पारितोषिक दिलं. त्या विभागाच्या समितीने तो लेख तपासलेलाच नव्हता!

१३ एप्रिल १९८१ ला निकाल लागला. विजेत्यांचे परिचय छापून आले. ओहायोतल्या 'टोलेडो ब्लेड' या पत्रात ही बाई पूर्वी नोकरीला होती. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, की आपल्या कागदपत्रांत हिचं शिक्षण वेगळं लिहिलेलं आहे. वासर कॉलेजची पदवी काय, पॅरिसच्या सोरबॉनमधलं शिक्षण काय, जुळेचना. विचारपूस सुरू झाली आणि एका रात्रीत सगळा डोलारा कोसळला. जिमी नावाचा मुलगा नव्हताच. दोन दिवसांत पारितोषिक परत गेलं आणि ते 'व्हिलेज व्हॉइस'च्या टेरेसा कार्पेंटर यांना दिलं गेलं.

मला या प्रकरणात कुकबाईंपेक्षा परीक्षकांचं नवल वाटतं. हे सगळे बातम्यांच्या धंद्यात केस पिकलेले लोक. माझ्या मते ते फसले ते याच कारणाने. बातमीचा स्रोत लपवायचा असतो हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं, म्हणून मुलाचं नाव नाही याची शंका आली नाही. पत्र कुठलं, तर वॉटरगेट बाहेर काढणारं, त्याच कामगिरीसाठी १९७३ चं पुलित्झर मिळवलेलं. शिवाय लेखाची भाषा फार सुरेख. त्या टेबलाभोवती एखादी बालरोगतज्ज्ञ किंवा प्राथमिक शाळेतली बाई बसलेली असती, तर तिने भाषेकडे न बघता पहिला प्रश्न विचारला असता, "अहो, पण मुलगा कुठे आहे?" पोलीस तोच तर विचारत होते.

मंडळाचा चेहरा त्याच सुमारास बदलायला लागला होता. साठहून जास्त वर्षं तिथे सगळे गोरे पुरुष होते. पुलित्झरचा नातू, त्याचंही नाव जोसेफच, १९५५ ते १९८६ मंडळाचा प्रमुख होता, यावरून घरोब्याची कल्पना यावी. १९८० च्या सुमारास रॉजर विल्किन्स हे कृष्णवर्णीय पत्रकार मंडळावर आले, आणि हॅना ग्रे या पहिल्या स्त्री सदस्य. ग्रेबाई वर्तमानपत्रातल्या नव्हेत. त्या इतिहासकार आणि शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्ष. (इतिहास शिकवून जन्म काढलेल्या मला याचा जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करते.) विश्वस्तांनीही १९७५ पासून निकालावरचा हात काढून घेतला. पेंटागॉन पेपर्सला १९७२ मध्ये मिळालेलं पारितोषिक त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रुचलं नव्हतं. सदस्याला जास्तीत जास्त नऊ वर्षं मंडळावर राहता येतं, आणि स्वतःच्या पत्राचा विषय निघाला की उठून खोलीबाहेर जावं लागतं. मंडळात आज पत्रकारांबरोबर प्राध्यापक आणि साहित्यिकही असतात.

मग आता भांडणं मिटली? २०१२ मध्ये कादंबरीच्या समितीत होते मायकेल कनिंगहॅम, जे स्वतः १९९९ चे पुलित्झर विजेते कादंबरीकार, मॉरीन कॉरिगन या समीक्षक, आणि सुझन लार्सन, ज्या न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रात ग्रंथ परीक्षणाचं पान सांभाळायच्या. लिहिणारा, शिकवणारी आणि वर्तमानपत्रवाली, याहून चांगलं त्रिकूट कुठून आणायचं? तिघांनी मिळून सुमारे तीनशे पुस्तकं वाचली आणि तीन नावं वर पाठवली. मंडळात एकाही पुस्तकाला बहुमत मिळालं नाही. पारितोषिक कुणालाच नाही. कारण सांगायची मंडळाची पद्धत नाही, त्यामुळे त्या तिघांनाही ते कळलं बाकीच्यांबरोबरच, निकाल जाहीर झाला तेव्हा.