चीनच्या तक्त्यातील चार ओळी

१/
चीनची अर्थव्यवस्था हा विषय पदवीच्या वर्गात शिकायला घेतला की विद्यार्थ्यासमोर लवकरच एक तक्ता येतो : धान्य, पोलाद, लोकसंख्या, विकासदर. त्यातील १९५८ ते १९६१ या चार ओळींपाशी मात्र थांबावे लागते. आज त्या ज्या रूपात छापल्या जातात, त्या रूपात त्या काळच्या चिनी नागरिकाला कधीच वाचता आल्या नाहीत. त्या ओळी खोट्या कशा ठरल्या आणि पुन्हा कशा लिहिल्या गेल्या, त्याचा हा इतिहास.

२/
१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. १९५२ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय स्थापन झाले आणि अर्थतज्ज्ञ श्वे मुचियाव त्याचे पहिले प्रमुख झाले. पद्धत सोव्हिएत होती : गावाने तालुक्याला, तालुक्याने प्रांताला आणि प्रांताने राजधानीला आकडे कळवायचे. कारखान्यांपुरते हे जमत होते. पण १९५३ च्या जनगणनेनुसार सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या, मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या देशात प्रत्येक शेताचा हिशेब ठेवणे अशक्यप्राय होते.

३/
यावर एक उपाय भारतात विकसित झाला होता. डिसेंबर १९५६ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला भेट दिली. पुढच्याच वर्षी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस चीनला गेले. नमुना पाहणीचे तत्त्व साधे आहे : यदृच्छेने निवडलेल्या मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग करायचे, धान्य प्रत्यक्ष तोलायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा. यात आकडा येतो तो तराजूतून. गावच्या पुढाऱ्याच्या तोंडून नव्हे.

४/
त्याच वर्षी, १९५७ मध्ये, पेकिंग विद्यापीठाचे अध्यक्ष मा यिंचू यांनी ‘नवा लोकसंख्या सिद्धान्त’ मांडला. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले हे वयोवृद्ध अर्थतज्ज्ञ सांगत होते की, लोकसंख्या या वेगाने वाढत राहिली तर भांडवल साठणार नाही; म्हणून उशिरा विवाह आणि लहान कुटुंब यांना उत्तेजन द्यावे. जास्त माणसे म्हणजे जास्त बळ, अशी धारणा असलेल्या राजवटीला हे रुचणारे नव्हते.

५/
१९५८ मध्ये माओ यांची ‘मोठी झेप’ सुरू झाली. पोलादाचे उत्पादन एका वर्षात दुप्पट करायचे होते. शेते कम्यूनमध्ये विलीन झाली. आकडेवारीनेही राजकारणाची सेवा करावी, असा आदेश आला आणि नमुना पाहणीचा विचार मागे पडला. वृत्तपत्रांत विक्रमी पिकांच्या बातम्या झळकू लागल्या. अशा विक्रमांना सोव्हिएत स्पुटनिकवरून ‘उपग्रह’ म्हणत. काही ठिकाणी तर अनेक शेतांतले उभे भात उपटून एकाच शेतात दाटीने लावले गेले आणि पाहुण्यांना दाखवले गेले.

६/
१९५७ चे धान्योत्पादन सुमारे १९.५ कोटी टन होते. १९५८ साठी ३७.५ कोटी टन जाहीर झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये तो आकडा २५ कोटींवर आणला गेला. पुढे खुद्द चिनी सरकारने मान्य केलेला आकडा २० कोटी टन आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे धान्य केवळ कागदावर पिकले होते.

७/
पण सरकारी धान्यवसुली झाली ती फुगवलेल्या आकड्यांच्या भरवशावर. कागदावरचे धान्य वसूल होत नसते. ते शेतकऱ्याच्या खाण्याच्या आणि बियाण्याच्या साठ्यातूनच जाते. १९५९ मध्ये ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यातही झाले. १९६० चे उत्पादन सुमारे १४.३५ कोटी टनांवर घसरले, आणि खेडीच्या खेडी भुकेने मरू लागली.

८/
१९५९ च्या लुशान बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दह्वाय यांनी माओंना पत्र लिहून या फुगवट्याकडे लक्ष वेधले. त्यांना पद गमवावे लागले. १९६० मध्ये मा यिंचू यांनाही विद्यापीठाचे अध्यक्षपद सोडावे लागले. ऐंशीच्या उंबरठ्यावर असूनही त्यांनी आपले मत मागे घेण्यास जाहीर नकार दिला होता.

९/
सांख्यिकी कार्यालयात काम केलेले सुन येफांग यांनी १९५६ मध्येच लिहिले होते की नियोजन मूल्याच्या नियमावर उभे असावे; उत्पादनाबरोबर खर्च आणि नफाही मोजला जावा. सांस्कृतिक क्रांतीत, १९६८ मध्ये, ते तुरुंगात गेले आणि सात वर्षांनी बाहेर आले. कोठडीत त्यांनी आपल्या ग्रंथाची मांडणी मनातल्या मनात पुन:पुन्हा केली. बाहेर विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा १९६६ पासून बंदच होती.

१०/
माओंच्या निधनानंतर, डिसेंबर १९७७ मध्ये, ती परीक्षा पुन्हा झाली. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले. प्रवेश मिळाला तो जेमतेम २ लाख ७० हजारांना. अनेक जण वर्षानुवर्षे शेतांत आणि कारखान्यांत राबून आले होते. १९८० च्या उन्हाळ्यात लॉरेन्स क्लाइन यांच्यासह सात अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात सात आठवडे अर्थमिती शिकवली. त्याच वर्षी क्लाइन यांना नोबेल मिळाले.

११/
मा यिंचू यांना १९७९ मध्ये सन्मानाने परत बोलावण्यात आले. १० मे १९८२ रोजी, वयाच्या शंभरीला टेकलेले असताना, ते वारले. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, १ जुलैला, चीनची तिसरी जनगणना झाली. लोकसंख्या १०० कोटींच्या पुढे गेली होती.

१२/
त्या जनगणनेने आणि त्याच वर्षीच्या प्रजनन पाहणीने हरवलेल्या ओळी उघड केल्या. दर वयोगटातील माणसे मोजली असता दुष्काळाच्या वर्षांत जन्मलेल्यांच्या जागी मोठी खोच दिसली. अधिकृत आकड्यांनुसारच १९५९ ते १९६१ या काळात लोकसंख्या सुमारे १ कोटी ३५ लाखांनी घटली होती. दुष्काळबळींचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. मेलेल्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती. ती जिवंत असलेल्यांच्या वयांतून वाचावी लागली.

१३/
सुन येफांग १९८३ मध्ये वारले. आज चीनमधील अर्थशास्त्राचा एक प्रतिष्ठित पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. चीनच्या आर्थिक तक्त्यातील कोणत्याही ओळीपाशी विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणी मोजला? आणि तो कमी भरला असता, तर मोजणाऱ्याचे काय झाले असते? १९५८ मध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक होते.