अल्बासेतेत जमा झालेले पासपोर्ट

२० ऑगस्ट १९४० रोजी मेक्सिको सिटीलगतच्या कोयोआकान येथे, आपल्या अभ्यासिकेत लेख वाचत बसलेल्या लिऑन ट्रॉट्स्कीच्या डोक्यात गिर्यारोहकाची बर्फकुऱ्हाड घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी ट्रॉट्स्कीचा मृत्यू झाला. मारेकरी जागीच पकडला गेला. मेक्सिकोत तो ‘फ्रँक जॅकसन’ या नावाने, कॅनडाचा पासपोर्ट घेऊन आला होता. पकडल्यावर त्याने आपण जॅक मोर्नार नावाचे बेल्जियन गृहस्थ असल्याचे सांगितले. दोन्ही नावे खोटी होती.

मात्र ज्या पासपोर्टावर तो आला, तो कोणा बनावटगाराच्या तळघरात छापलेला नव्हता. कॅनडाच्या सरकारने तो रीतसर दिला होता, पण टोनी बाबिच नावाच्या माणसाला. बाबिच जन्माने युगोस्लाव्ह. कॅनडात स्थायिक होऊन तेथला नागरिक झालेला हा माणूस फ्रँकोविरुद्ध लढण्यासाठी स्पेनला गेला आणि तेथेच मारला गेला. त्याच्या पासपोर्टावरचे छायाचित्र बदलले, नाव बदलले, आणि ते बदलताना ‘जॅकसन’मधले इंग्रजी ‘के’ हे अक्षर गळाले. इतकी ढोबळ चूक असूनही हा कागद अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या सीमेवर खपून गेला.

बाबिचचा पासपोर्ट मारेकऱ्याच्या खिशात कसा पोहोचला, याचे उत्तर स्पेनमधील अल्बासेते या गावात आहे. हा धागा त्या गावी जमा झालेल्या पासपोर्टांविषयी आणि ते ज्यांचे होते त्या माणसांविषयी.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारच्या बाजूने लढण्यासाठी पन्नासहून अधिक देशांतून सुमारे ३५,००० स्वयंसेवक आले. त्यांच्या पलटणी म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्रिगेड आणि या ब्रिगेडचा मुख्य तळ म्हणजे अल्बासेते. फ्रान्सने सीमा बंद केल्यावर बहुतेकांनी रात्रीच्या अंधारात, दोरीच्या तळव्यांचे जोडे घालून पिरेनीज पर्वत पायी ओलांडला.

तळावर नावनोंदणी झाली की पासपोर्ट मागून घेतला जाई. आघाडीवर तो हरवेल, भिजेल, शत्रूच्या हाती पडेल. त्यापेक्षा कार्यालयात सुरक्षित राहील, असे कारण दिले जाई. कारण पटण्याजोगे होते. शिवाय मागणारे आपलेच, एकाच ध्येयासाठी घर सोडून आलेले. हजारोंनी आपले पासपोर्ट निःशंकपणे हवाली केले.

वॉल्टर क्रिवित्स्की हा पश्चिम युरोपातील सोव्हिएत हेरखात्याचा वरिष्ठ अधिकारी १९३७ मध्ये स्टालिनशी फारकत घेऊन पळाला. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने लिहिले आहे की, स्पेनहून मॉस्कोला येणाऱ्या राजनैतिक टपालाच्या जवळजवळ प्रत्येक थैलीत ब्रिगेडच्या सैनिकांचे पासपोर्ट असत. १९३७ च्या वसंत ऋतूत त्याने स्वतः असे शंभराच्या आसपास पासपोर्ट पाहिले होते आणि त्यांतले निम्मे अमेरिकन होते. मेलेल्या सैनिकांच्या पासपोर्टांना विशेष मागणी असे. मूळ मालक कधी तक्रार करायला येण्याची भीती नाही!

अमेरिकन आणि कॅनेडियन पासपोर्टांचेच एवढे मोल का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टावाचून हिंडता येत असे. युद्धाने ते मोकळेपण संपवले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि आज ओळखीच्या असलेल्या पुस्तिकेच्या स्वरूपाचा पासपोर्ट सर्वांसाठी सुचवला गेला. त्यात छायाचित्र होते, पण ते नुसते चिकटवून वर शिक्का मारलेले. कुशल कारागिराला ते काढून दुसरे बसवणे अवघड नव्हते. खरे अवघड काम कोरी पुस्तिका, तिचा कागद आणि अनुक्रमांक पैदा करण्याचे. चोरलेल्या पासपोर्टात ते सारे आयतेच मिळे.

दुसरे कारण माणसांचे. पोलंड, युक्रेन, बाल्कन प्रदेशांतून लाखो लोक उत्तर अमेरिकेत जाऊन नागरिक झाले होते. त्यामुळे मोडकेतोडके, स्लाव्ह वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाकडे कॅनडाचा पासपोर्ट असला, तर कोणाच्या भुवया उंचावत नसत. पूर्व युरोपात जन्मलेल्या हेराला याहून सोयीचे कवच कोणते?

ब्रिटिश स्वयंसेवकांची गोष्ट यात वेगळी पडते. लंडनहून पॅरिसला जाण्यासाठी शनिवार-रविवारचे सहलीचे तिकीट मिळे आणि त्यावर पासपोर्ट लागत नसे. अनेक बेकार कामगार तेच तिकीट काढून गेले आणि परतले नाहीत. त्यांच्याकडे चोरण्याजोगे काही नव्हतेच! अटलांटिक ओलांडून येणाऱ्याला मात्र पासपोर्टावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेने १९३७ पासून नव्या पासपोर्टांवर ‘स्पेनच्या प्रवासासाठी ग्राह्य नाही’ असा शिक्का मारायला सुरुवात केली होती. तेव्हा फ्रान्स पाहायला निघालो, शिकायला निघालो, अशी कारणे सांगून तरुण बोटीवर चढत.

ब्रिटिश पलटणीचे अधिकृत नाव होते ‘सकलातवाला बटालियन’. मुंबईत जन्मलेले आणि ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट सदस्य म्हणून बसलेले शापूरजी सकलातवाला १९३६ च्या आरंभी निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. या पलटणीत ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक सैनिक होता. तो नागपूरचा गोपाळ मुकुंद हुद्दार. बाळाजी हुद्दार म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे इंग्लंडला पत्रकारिता शिकायला गेले आणि तेथून स्पेनच्या आघाडीवर! मराठी माणसाच्या राजकीय प्रवासात एवढी वळणे क्वचितच सापडतील. १९३८ मध्ये गांदेसाच्या परिसरात ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती लागले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात, जो तेव्हा युद्धकैद्यांचा तुरुंग होता, त्यांना डांबण्यात आले. त्याच वर्षी सुटका होऊन ते भारतात परतले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. हुद्दारांनी खोटे नाव स्वतः निवडले होते आणि काम संपल्यावर ते टाकून आपल्या नावाने ते घरी आले. कॅनडाच्या कित्येक स्वयंसेवकांना ही मुभा नव्हती.

२१ सप्टेंबर १९३८ रोजी स्पेनचे पंतप्रधान हुआन नेग्रीन यांनी राष्ट्रसंघासमोर परकीय स्वयंसेवक माघारी पाठवण्याची घोषणा केली. ऑक्टोबरच्या अखेरीस बार्सिलोनात निरोपाचे संचलन झाले, फुले उधळली गेली. नंतर प्रश्न उरला तो घरी जाण्याचा. अनेकांनी आपला पासपोर्ट मागितला, तेव्हा तो हरवला आहे, बॉम्बहल्ल्यात जळाला आहे, अशी उत्तरे मिळाली.

परमुलखात पासपोर्ट चोरीस गेलेला माणूस एरवी आपल्या वकिलातीत जाऊन तक्रार करतो. या लोकांना तेही कठीण होते. १९३७ मध्ये कॅनडाने परकीय युद्धात भरती होण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. ‘माझा पासपोर्ट गेला’ असे सांगणे म्हणजे तो कोठे आणि कशासाठी दिला, याची कबुली देणे. त्यातच बहुसंख्य कॅनेडियन स्वयंसेवक स्थलांतरित. गावचे उच्चार पोलिश किंवा युक्रेनियन, हातात कागद नाही, आणि सिद्ध करायचे काय, तर आपण कॅनडाचे आहोत! अखेर कॅनडाचा एक अधिकारी स्पेनमध्ये आला. त्याने एकेकाला समोर बसवून कोठे राहत होतास, कोठे काम केलेस, अशी उलटतपासणी घेतली. ज्यांची उत्तरे पटली, ते १९३९ च्या आरंभी बोटीने परतू शकले.

या परतलेल्यांत इग्नात्सी विट्चाक होता. जन्म पोलंडचा, १९३० च्या दशकात कॅनडाचा झालेला, ऑन्टारिओ प्रांतात कष्टाची कामे करणारा माणूस. त्यानेही अल्बासेतेत पासपोर्ट दिला होता. पासपोर्ट वाहून नेणारा ट्रक बॉम्बने नष्ट झाला, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते खरे मानले आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

ट्रकची गोष्ट खोटी होती. १९३८ मध्ये, स्पेनचे युद्ध अजून चालू असताना, याच पासपोर्टावर दुसरा ‘विट्चाक’ न्यूयॉर्कला उतरला. त्याचे खरे नाव झालमन लिट्विन, सोव्हिएत लष्करी हेरखात्याचा माणूस. तो लॉस एंजेलिसला स्थायिक झाला, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला आणि तेथेच अध्यापनही करू लागला. एकाच खंडावर एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसे काही वर्षे नांदली. पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

अडचण आली ती मुदतीची. १९४५ मध्ये पासपोर्टाचे नूतनीकरण आवश्यक झाले. ओटावातील पासपोर्ट कार्यालयाच्या दफ्तरात मूळ विट्चाकचा अर्ज आणि स्वाक्षरी पडून होती. नव्या अर्जाशी ती जुळवून पाहिली असती, तर सारे उघडे पडले असते. मॉस्को आणि ओटावा यांच्यात सांकेतिक तारा सुरू झाल्या. कॅनडाच्या कम्युनिस्ट पक्षाचा संघटक सॅम कार याने कार्यालयात वाट काढण्याचे पत्करले. मोबदला म्हणून आधी ५,००० डॉलर मागितले गेले, सौदा ३,००० वर ठरला. हेरगिरीच्या कथांत अशी घासाघीस सहसा वाचायला मिळत नाही.

या तारा सांकेतिक भाषेत लिहिणारा आणि उकलणारा कारकून होता इगोर गुझेंको. ५ सप्टेंबर १९४५ च्या रात्री तो सोव्हिएत दूतावासातून १०९ कागद अंगावरच्या कपड्यांत लपवून बाहेर पडला. वृत्तपत्राच्या कचेरीत त्याला कोणी गंभीरपणे घेतले नाही. मंत्रालयातून त्याला परत पाठवण्यात आले. पुढच्या रात्री दूतावासाची माणसे त्याच्या घराचे दार फोडून आत शिरली, तेव्हा तो बायकोमुलासह शेजाऱ्याच्या घरात दडलेला होता. तेव्हा कोठे कॅनडाचे सरकार जागे झाले.

न्यायमूर्ती टॅशरो आणि केलॉक यांच्या आयोगाने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यात अणुबॉम्बच्या माहितीची चर्चा होती. इतिहासात गुझेंको प्रकरण ओळखले जाते तेही त्यामुळेच. पण त्याच अहवालात विट्चाकच्या पासपोर्टाची हकीकत तपशिलाने आली आहे. खऱ्या विट्चाकला आयोगासमोर बोलावले गेले. आपल्या जळालेल्या पासपोर्टाचे काय झाले, हे त्याला जवळजवळ ९ वर्षांनी कळले. नकली विट्चाक मात्र १९४५ च्या अखेरीस अमेरिकन पोलिसांची पाळत चुकवून निसटला होता. सॅम कार फरार झाला, १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि बनावट पासपोर्टाच्या कटाबद्दल त्याला ६ वर्षांची शिक्षा झाली.

या साऱ्याची झळ लागली ती साध्या स्वयंसेवकांना. स्पेनमध्ये लढलेल्यांकडे पोलीस आधीच संशयाने पाहत. आता त्या प्रत्येकाचा पासपोर्ट कोठे आहे, हा नवा प्रश्न जोडला गेला. ज्यांच्या घरी चोरी झाली, त्यांच्याच घराची झडती, असा हा न्याय. स्टालिनच्या यंत्रणेने फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्यांचा विश्वास जसा वापरला, त्याची भरपाई करण्याचा विचारही कोणी केला नाही.

ट्रॉट्स्कीच्या मारेकऱ्याने मेक्सिकोच्या तुरुंगात वर्षानुवर्षे आपण मोर्नारच असल्याचा हेका धरला. १९५० मध्ये मेक्सिकन गुन्हेशास्त्रज्ञ अल्फोन्सो किरोस क्वारोन यांनी त्याच्या बोटांचे ठसे स्पेनच्या पोलीस दफ्तरातील जुन्या ठशांशी जुळवले, तेव्हा तो बार्सिलोनाचा रामोन मेर्कादेर असल्याचे सिद्ध झाले. १९६० मध्ये सुटल्यावर सोव्हिएत संघाने त्याला आपला सर्वोच्च किताब दिला. १९७८ मध्ये तो हवानात वारला. मॉस्कोच्या कुंत्सेवो दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर रामोन इव्हानोविच लोपेझ असे नाव कोरण्यात आले.