'द डोअर्स' ते 'अभंग रिपोस्ट'

१९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'द डोअर्स'ने आपले नाव ऑल्डस हक्स्लीच्या पुस्तकावरून घेतले. हक्स्लीने ते विल्यम ब्लेककडून घेतले होते. पुढे या बँडच्या एका गाण्यात ब्लेकच्या ओळीही आल्या. 'स्टेपनवुल्फ'चे हेर्मान हेसेशी असलेले नाते मात्र जवळजवळ पाटीपुरतेच.

मराठीत 'साहित्याचा गीतांवरील प्रभाव' ही भाषाच तोकडी पडते. अभंग मुळात गाण्यासाठीच आहे. वर्गात आपण त्याची संहिता शिकवतो आणि चाल बाहेर ठेवतो, हा दोष आपला. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'ने गिटार-ड्रम्सच्या साथीने संतरचना गाताना बँडला काव्यप्रकाराचेच नाव दिले. 'रिपोस्ट' कानाला खटकतो खरा, पण चपखल आहे: तुकोबांची गाथा वह्यांइतकीच टाळकऱ्यांच्या कंठांतून पुढे आली.

अरुण कोलटकर या वाटेवर कितीतरी आधी होते. तुकोबांना इंग्रजीत आणताना त्यांनी रोखठोक अमेरिकी बोली वापरली, पखवाजाचे धडे घेतले, इंग्रजीत गाणीही लिहिली. त्यांतली काही त्यांच्या निधनानंतर, २००९ मध्ये, 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मध्ये छापली गेली: कवितांच्या पुस्तकात, चालींशिवाय.