खरखर

१९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी एक प्रयोग केला. मंचावर गायिका फोनोग्राफशेजारी उभी राहून गाई. मध्येच दिवे मालवत. आता ती गातेय की तबकडी, हे अनेकांना ओळखता येत नसे. गायिका यंत्राशी जुळेल असा आवाज लावत, हे एक कारण. दुसरे, श्रोत्यांनी त्याहून सरस ध्वनिमुद्रण ऐकलेच नव्हते. त्याच तबकडीत आज आपल्याला आधी खरखर ऐकू येते.

आपल्या निरोप समारंभाची कॅसेट मी संगणकावर घेतली आणि हौसेने खरखर काढून बाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, "अगं, यातली मुलं कुठे गेली?" मी खरखर समजून पुसली, ती तुमची कुजबुज होती. मूळ प्रत जपली आहे. मेळाव्यात तीच लावू.