पिंप आणि बूच

चारकोपहून न्यू लिंक रोडकडे निघालं की वाटेत 'वाइन्स' अशी पाटी लागते. मुंबईच्या उपनगरांत अशा पाट्यांना तोटा नाही. जाळीपाशी उभी राहून माणसं काय मागतात ते जरा ऐकावं. क्वार्टर, नाइन्टी, खंबा, थंड बिअर. काउंटरवरचा पोरगा बाटली वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत सारतो आणि सुटे पैसे परत करतो. एखाद्यानं खरोखरच द्राक्षाची वाइन मागितली, तर तो स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरची बाटली काढतो आणि आधी तिच्यावरची धूळ पुसतो. जो माल सर्वांत कमी खपतो त्याचं नाव दुकानाला, तेही अनेकवचनी!

2022च्या जानेवारीत राज्य सरकारनं पंधरवड्याच्या अंतरानं दोन निर्णय घेतले. पहिला दुकानांवरच्या पाट्या मराठीत करण्याचा. त्यात मद्याच्या दुकानांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत, असंही होतं. दुसरा सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा. पहिल्यामुळे 'वाइन्स' ठसठशीत देवनागरीत आलं. दुसऱ्यावरून रान उठलं, अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीला लागले आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य महिनाभर गाजलं. राजकारण सोडून देऊ. शब्दांचा हिशेब मांडला तर ते वाक्य बोलणाऱ्यांची अडचण खरी होती. आपल्याकडे द्राक्षाच्या पेयाला रोजच्या बोलण्यातला वेगळा शब्दच नाही. 'द्राक्षासव' म्हटलं की आयुर्वेदिक औषधाची बाटली आठवते, 'मदिरा' संगीत नाटकातच शोभते, आणि उरलेलं सगळं 'दारू'च्या पोटात जातं.

तो शब्दही मूळचा गुत्त्यातला नाही. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि हिंदीतल्या 'दवा-दारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. आपल्याकडे तो बंदुकीच्या भुकटीलाही चिकटला: दारूगोळा, शोभेची दारू. चिनी भाषेतही त्या भुकटीला 'आगीचं औषध' म्हणतात, तेव्हा हे काही मराठीचंच खूळ नव्हे.

हे सगळं आठवायला कारण झाली आमच्या शेजारची सूनबाई. त्यांचं कुटुंब बॅलार्ड पिअरहून निघणाऱ्या क्रूझवर गोव्याला निघालं होतं. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, जहाजावर वाइनची मोठी यादी असते म्हणे. चांगली कुठली, सांगा ना. ह्यांना विचारलं तर म्हणतात बिअर घे." मला वाइनमधलं कळतं ते नावापुरतं. पण जहाजावरच्या यादीत नावं हीच खरी मौज असते, कारण त्यांतली निम्मी नावं जहाजांनीच घडवलेली आहेत.

खुद्द 'क्रूझ'पासून सुरुवात करू. डच भाषेत 'क्रॉइस' म्हणजे क्रूस. त्यावरून समुद्र आडवातिडवा कापत फिरण्याचं क्रियापद झालं आणि ते इंग्रजीत 'क्रूझ' होऊन स्थिरावलं. गोराई-मनोरीच्या गावठाणांत घरांसमोर चुन्यानं रंगवलेले क्रूस दिसतात, तो शब्द मराठीत पोर्तुगीज 'क्रूझ'वरून आला. दोन्हींचं मूळ लॅटिन 'क्रुक्स'. म्हणजे खाडीपलीकडच्या अंगणातला क्रूस आणि बॅलार्ड पिअरला लागलेली क्रूझ ही सख्खी भावंडं.

आता यादी. 'पोर्ट' हे नाव पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचं, आणि पोर्तो म्हणजे बंदर. ही वाइन समुद्रमार्गे इंग्लंडला जायची. वाटेत बिघडू नये म्हणून पिंपात ब्रँडी घालायची रीत पडली आणि त्यातून तिचा गोड, जड स्वाद जन्मला. गोव्यात तयार होणारी स्वस्त, गोड पोर्ट ही तिची दूरची नात. 'शेरी' स्पेनमधल्या हेरेझ गावची. इंग्रजांनी त्या गावाचा जुना उच्चार पकडून 'शेरिस' म्हटलं. पुढच्या पिढ्यांना शेवटचा 'स' अनेकवचनाचा वाटला, म्हणून त्यांनी तो कापून टाकला आणि 'शेरी' हे खोटं एकवचन तयार झालं. त्यांनी कापलेला 'स' आपण 'वाइन्स'ला जोडून भरपाई केली म्हणायची.

'शिराझ'ची तऱ्हा वेगळी. नाव इराणमधल्या, हाफिजच्या शहराचं. द्राक्ष मात्र त्या शहराचं नव्हे. जनुकीय तपासणीत त्याचे दोन्ही पालक फ्रान्समधले निघाले. दिंडोरीत पिकणारी ही द्राक्षं नावानं इराणी, जातीनं फ्रेंच आणि मातीनं नाशिककर.

मी सूनबाईला सुचवली ती मात्र 'मदेरा'. हे नाव ऐकलं की मराठी कान लगेच म्हणतो, अरे, ही तर आपली मदिरा! आपली मंडळी असा धागा सापडला की तो पार सिंधू संस्कृतीपर्यंत ओढत नेतात. इथे तो दोन पावलांत तुटतो. 'मदिरा' संस्कृत 'मद्' धातूपासून: माजणं, हर्ष होणं. 'मदेरा' हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगीज बेट. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खलाशी तिथे उतरले तेव्हा बेट दाट जंगलानं झाकलेलं होतं, म्हणून नाव पडलं 'लाकूड'. पोर्तुगीज 'मदेइरा' लॅटिन 'माटेरिया'वरून आला आणि इंग्रजी 'मटेरियल'ही त्याच घरातला. तेव्हा मदिरा आणि मदेरा यांचं नातं फक्त नावसाधर्म्याचं.

ती सुचवली ती तिच्या गोष्टीसाठी. हिंदुस्थानकडे निघालेली जहाजं या बेटावर पाणी आणि वाइन भरून घेत. पिंपं तळाच्या कोठारात रचलेली असत, आणि जहाज विषुववृत्ताजवळून जाताना कोठाराची भट्टी व्हायची. एरवी वाइनला ऊन लागलं की ती वाया जाते. ही मात्र तापून, हिंदकळून जास्त चवदार झाली. काही पिंपं न विकता तशीच परत आली तेव्हा हे ध्यानात आलं. मग व्यापारी मुद्दाम पिंपं जहाजावर चढवून फिरवून आणायला लागले आणि त्या मालाला 'फेरीची वाइन' असं नाव पडून तिला भाव जास्त मिळू लागला. पुढे जहाजाचं भाडं वाचवायला बेटावरच वाइन तापवायची सोय झाली. समुद्रप्रवासानं जिचा स्वभाव घडला ती वाइन समुद्रप्रवासात नाही प्यायची तर कुठे?

या पिंपांपाशी मला थांबायचंय. 1534 सालच्या वसईच्या तहापासून 1737-39च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं, आणि चारकोप त्याच बेटावरचं. दोनशे वर्षं त्यांची वाइन या किनाऱ्याला लागत होती, तरी त्यांचा 'व्हिन्यू' हा शब्द मराठीत रुजला नाही. रुजलं ते भांडं. वाइनच्या लाकडी पिपाला ते 'पिपा' म्हणत. एका पिपात पाचशे लिटरांहून जास्त माल मावे, आणि पोर्टचा व्यापार आजही त्या मापात बोलतो. तोच आपला 'पिंप'. लाकडी फळ्या जुळवून, लोखंडी कड्या ठोकून केलेलं ते दणकट भांडं रिकामं झाल्यावर फेकणार कोण? त्यात पाणी भरलं, तेल भरलं, मीठ भरलं. लाकूड गेलं, पत्रा आला, पत्रा जाऊन प्लॅस्टिक आलं, नाव तेच. चारकोपची वस्ती जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं आखलेल्या भूखंडांवर उभी राहिली. तिथल्या बैठ्या घरांच्या दाराशी निळी पिंपं असतात. सकाळी नळ आला की नळी आत सोडायची, वरून फळी, फळीवर तांब्या. या साऱ्या गृहिणी रोज वाइनच्या भांड्याचं नाव घेतात आणि भरतात पालिकेचं पाणी.

'बूच' हा त्या पिंपाचा जोडीदार. पोर्तुगीज 'बूशा' म्हणजे भोकात ठोकायचा बोळा. काचेच्या बाटलीआधी तो पिंपाच्या भोकात बसत असे. मराठीनं त्यालाही घरात घेतलं आणि मग मनसोक्त वापरलं. कानात बूच मारलं, तोंडाला बूच लावलं, एखाद्याला बूच बसलं! मुंबईकर शेवटचा प्रयोग ज्या सहजतेनं करतो, ती पाहिली तर वाइनचा या शब्दाशी काही संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. पेय परकं ते परकंच राहिलं, त्याची भांडीकुंडी मात्र आपण ठेवून घेतली. भाषेला चव कळत नाही, उपयोग कळतो.

उलट दिशेनंही शब्द गेले. ताडाची 'ताडी' इंग्रजी जहाजांवर चढून 'टॉडी' झाली आणि थंड देशात गरम पाणी, मध आणि व्हिस्की यांच्या प्याल्याला ते नाव मिळालं. अरबी 'अरक' म्हणजे घाम. ऊर्ध्वपातनात भांड्याच्या कडेला जमणाऱ्या थेंबांना दिलेलं किती नेमकं नाव! त्याचाच गोव्यात 'उराक' झाला, काजूच्या रसाची पहिली धार. 'पंच' या मिश्रणाचं नाव आपल्या 'पाच'वरून, पाच जिन्नस म्हणून, असं अनेक कोशकार मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की 'पंचन' नावाच्या पिंपावरून. मला पहिला पक्ष आवडतो, पण तो स्वाभिमानापोटी आवडतो हेही कळतं.

जहाजावर कुठली वाइन चांगली, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, भडोचला काय खपतं याची यादी आहे. वाइन खपते, त्यातही इटलीची लोकांना अधिक पसंत, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. याच ग्रंथात सोपारा आणि कल्याणही येतात, म्हणजे आपल्या लोकल मार्गावरची दोन स्टेशनं! नेवाशाच्या उत्खननात त्या वाइनच्या रोमन कुंभांची खापरं सापडली आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीला ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती. आपल्या पुराणांनाही पेय समुद्रातूनच आलं असं वाटतं. मंथनातून निघाली ती वारुणी, वरुणाची.

आणि वाइनला गावाचं नाव देण्याची पद्धतही पोर्तोवाल्यांची नव्हे. कौटिल्य द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हणतो आणि त्याचे प्रकार प्रदेशावरून सांगतो, त्यात कापिशायन एक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचं नगर. या नगराच्या नावावरून 'कापिशायन' कसं साधायचं त्यासाठी पाणिनीनं एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलंय. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या व्याकरणकारांच्या मुलखात ही उधळपट्टीच.

मदेरा जहाजावर मिळाली नाही तर? मग मी आपलंच मागावं म्हणेन. नाशिकची शेनिन ब्लां दुपारच्या उकाड्यात आणि तळलेल्या बोंबलाबरोबर छान लागते. 'सुला' हे नाव परदेशी वाटतं, पण ते संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या, सुलभा यांच्या नावावरून पडलं. जेवणाबरोबर लाल हवी असेल तर अकलूजची 'फ्रातेल्ली'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ. इटलीतले सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती काढली. लॅटिन 'फ्रातेर' आणि संस्कृत 'भ्राता' हे मात्र खरे सगोत्र, मदिरा-मदेरासारखे तोतये नव्हेत. त्यांच्या वरच्या दर्जाच्या बाटलीवर 'सेत्ते' असं लिहिलेलं असतं, कारण सुरुवातीची माणसं सात. सेत्ते, सप्त, सात हे सगळं एकच. तेव्हा सूनबाईला मी सांगितलं, नाव आठवलं नाही तर 'अकलूजची सात नंबर द्या' म्हण. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं त्यात काहीही चूक नाही. वाढप्याला कळलं नाही, तर बोट ठेवायला छापील यादी असतेच.