आँटॅरिओ सरोवर : शरदातील मासेमारी

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत लहान (सुमारे १९,००० चौ. किमी.) असलेल्या या सरोवरात व त्याला मिळणाऱ्या नद्यांत शरद ऋतूत गळाने मोठी मासेमारी चालते. येथील मूळचा अटलांटिक सॅमन धरणे, जंगलतोड व बेसुमार मासेमारी यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॅसिफिक महासागरातील चिनूक व कोहो सॅमनची पिले सोडण्यात येऊ लागली.

ऑगस्टअखेर चिनूक नदीमुखांशी जमतात. पाणी थंडावले आणि पावसाने प्रवाह वाढला, की ते सॅमन, ऑस्वेगो, नायगारा इ. नद्यांत शिरतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऐन हंगाम असतो. सॅमन नदीत जलविद्युत् प्रकल्पांतून सोडलेल्या पाण्यावरही मासे चढण्याचा वेग अवलंबून असतो. नदीत शिरल्यावर चिनूक जवळजवळ खाणे सोडतात व अंडी घालून मरतात. ती अंडी खाण्यासाठी स्टीलहेड आणि ब्राउन ट्राउट मागोमाग येतात. म्हणून हंगामाच्या उत्तरार्धात गळाला माशांच्या अंड्यांचेच आमिष लावतात. मासे टिकावेत यासाठी पकडीवर दैनिक मर्यादा आहे.