कॅथलिक प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात? प्रार्थना, धर्मशिक्षण आणि पालकांचे हक्क

वसई : शाळाप्रवेशाचे दिवस आले की वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरोघरी एकच विषय असतो, पोराला कुठल्या शाळेत घालायचं? निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी, सांडोर, पापडी या भागात चर्चच्या शाळांचं नाव त्यात हमखास निघतं. या शाळांत कॅथलिक मुलं असतात, तशी इतर धर्मांच्या घरांतलीही असतात. इतर धर्मांच्या पालकांना प्रश्न पडतो, ‘तिथे येशूची प्रार्थना म्हणावीच लागते का?’ कॅथलिक पालकांची काळजी वेगळी असते, ‘शाळेत घातलं म्हणजे पोरगं आपला धर्म शिकलं, असं धरून चालायचं का?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. शाळेचं काम कुठे संपतं आणि चर्चचं कुठे सुरू होतं, ही रेघ माहीत असायला हवी. ती माहीत नसली की एका बाजूला उगाच संशय वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घरचं काम शाळेवर ढकललं जातं.

शाळा नेमकी कोणाची?

वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. धर्मप्रांताचे प्रमुख बिशप असतात. त्याखाली गावोगावचे धर्मग्राम येतात आणि प्रत्येक धर्मग्रामाचे एक प्रमुख धर्मगुरू असतात. काही शाळा धर्मप्रांत किंवा धर्मग्राम चालवतो. काही शाळा सिस्टरांच्या, म्हणजे धर्मभगिनींच्या संस्था चालवतात.

व्यवस्थापन चर्चचं असलं तरी वर्गात शिकवणारे बहुतेक शिक्षक साधे संसारी लोक असतात. ते सगळे कॅथलिकच असतात असंही नाही. राज्य मंडळाच्या शाळेत अभ्यासक्रम सरकारचा आणि पुस्तकं बालभारतीची. गणित, परिसर अभ्यास, मराठी हे विषय जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात तसेच इथेही असतात.

शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो. विनाअनुदानित असेल तर खर्च फीमधून भागवावा लागतो. पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा, कारण पुढचे काही हक्क त्यावर ठरतात.

दिवस कसा जातो?

सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या आणि त्याच्या जोडीला प्रार्थना. काही शाळांत ही प्रार्थना सगळ्यांना म्हणता येईल अशी असते, देवाचे आभार मानणारी आणि दिवस चांगला जावा म्हणणारी. काही ठिकाणी ती स्पष्टपणे ख्रिस्ती असते. सुरुवातीला आणि शेवटी कॅथलिक मुलं क्रुसाची खूण करतात, बाकीची हात जोडून उभी राहतात.

दुपारी बाराच्या सुमाराला काही शाळांत त्रिकाल प्रार्थना होते. चर्चमध्ये पूर्वापार सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा घंटा वाजते, तीच ही वेळ. मिनिट-दोन मिनिटांत ती आटोपते आणि डबे उघडतात.

वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो, जिन्यात मरियामातेची तसबीर असते. कुणाची आई आजारी असेल तर बाई वर्गाला सांगतात, ‘चला, तिच्यासाठी एक प्रार्थना करू.’ कुणाचे आजोबा गेले तर मुलं एक मिनिट शांत उभी राहतात. इथला धर्म पुस्तकापेक्षा जास्त अशा रोजच्या वागण्यातून मुलांपर्यंत पोचतो. म्हणूनच पालकांनी नुसतं वेळापत्रक पाहून भागत नाही, शाळेत जाऊन एखादा परिपाठ बघावा.

धर्मशिक्षण वेगळं, मूल्यशिक्षण वेगळं

ख्रिस्ती श्रद्धेची शिकवण, बायबलमधल्या गोष्टी, प्रार्थना आणि संस्कारांची तयारी म्हणजे धर्मशिक्षण. ते कॅथलिक मुलांसाठी असतं. खरं बोलणं, भांडण मिटवणं, म्हाताऱ्यांना मदत करणं, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणं, हे मूल्यशिक्षण. ते सगळ्यांसाठी असतं.

बऱ्याच शाळांत आठवड्यातला एक-दोन तास यासाठी ठेवतात. त्या वेळी कॅथलिक मुलं एका वर्गात जातात आणि इतर मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. पण कॅथलिक मुलांचं खरं धर्मशिक्षण शाळेत पुरं होत नाही. ते धर्मग्रामात, बहुतेक ठिकाणी रविवारच्या मिस्साच्या आगेमागे भरणाऱ्या वर्गात होतं. तिथे शिकवणारे गावातलेच स्वयंसेवक असतात. शाळेचा पट वेगळा आणि या वर्गाचा पट वेगळा. कॅथलिक मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत असलं तरी त्याला रविवारच्या वर्गाला जाता येतं.

कायदा काय सांगतो?

• घटनेचं कलम ३० : धर्म किंवा भाषेने अल्पसंख्याक असलेल्या समाजाला आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे.

• कलम २८ (३) : सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. चर्चच्या मान्यताप्राप्त शाळांनाही हे लागू आहे.

• कलम २९ (२) : सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला निव्वळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

• आरटीईच्या २५ टक्के जागा : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेत या जागा मागता येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका घेतली आणि तो मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीचे नियम बघूनच भरावा.

थोडक्यात, आपल्या मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवायचं नसेल तर पालक तसं लेखी कळवू शकतात. त्यात शाळेशी भांडण करण्यासारखं काही नाही, हा घटनेने दिलेला हक्क आहे.

चर्चचा स्वतःचा नियमही बघा

मुलाला फूस लावून ख्रिस्ती करतील, अशी भीती काही घरांत असते. चर्चच्या कायद्यानुसार सात वर्षांखालच्या मुलाला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा द्यायचा तर आई-वडिलांपैकी किमान एकाची किंवा पालकाची संमती लागते. अपवाद फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा. सात वर्षांपुढे त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा आणि रीतसर तयारी लागते. शाळेत नाव घातल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही.

शाळेच्या सणाला मिस्सा असते तेव्हा इतर धर्मांची मुलंही कधी चर्चमध्ये बसतात. तिथे ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांग लागते. तो प्रसाद इतर धर्मांच्या मुलांनी घ्यायचा नसतो. देवळातला प्रसाद सगळ्यांना मिळतो, म्हणून मुलं सहज रांगेत उभी राहतात. बाईंनी आणि पालकांनी हे आधीच समजावून सांगितलं तर मूल ऐनवेळी ओशाळत नाही.

प्रथम ख्रिस्तप्रसाद : प्राथमिक शाळेतला सर्वांत मोठा दिवस

कॅथलिक घरात या वयातला सर्वांत मोठा सोहळा म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसाद. पूर्वी मुलांना त्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागे. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ही अट सैल केली. मुलाला बरं-वाईट कळू लागलं, म्हणजे साधारण सातवं वर्ष लागलं की ते पात्र, असं ठरलं. प्रत्यक्षात तयारीला वेळ लागतो आणि बरीच मुलं आठ-नऊ वर्षांची होतात.

त्याआधी पहिलं पापनिवेदन असतं. मूल धर्मगुरूंपुढे आपल्या चुका सांगतं. आईशी खोटं बोललो, भावाला मारलं, वर्गात पेन्सिल चोरली, अशा त्या असतात. फादरांनी ऐकलेलं कुणालाच सांगायचं नसतं, आई-वडिलांनाही नाही. त्या आठवड्यात वर्गात गंमत होते. ज्याची पेन्सिल गेली होती त्याला ती परत मिळते.

पांढरे कपडे, मेणबत्ती, फोटो, जेवणावळ या सगळ्यांत खर्च वाढत चालला आहे. ज्या घराला तो झेपत नाही त्याने लाजायचं कारण नाही. संस्काराला मुलाची तयारी लागते, हॉल आणि बँड लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

१५ ऑगस्ट : स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण एकाच दिवशी. सकाळी मिस्सा, मग झेंडावंदन, असा अनेक गावांचा दिवस असतो.

५ सप्टेंबर : शिक्षकदिन. मदर तेरेसांचा स्मृतिदिनही हाच.

ऑक्टोबर : जपमाळेचा महिना. संध्याकाळी घरी जपमाळ म्हणायची म्हणून मुलं खेळ लवकर आवरतात.

२ नोव्हेंबर : मृतांचा स्मरणदिन. कुटुंबं कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात.

डिसेंबर : नाताळचा गोठा आणि चांदण्यांचे कंदील. गोठा बांधायला सगळ्या धर्मांची मुलं पुढे असतात.

६ फेब्रुवारी : संत गोन्सालो गार्सिया यांचा सण. वसईत जन्मलेल्या गोन्सालोंना १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत मानले जातात.

राखेचा बुधवार ते ईस्टर : उपवासकाळ. डब्याचा प्रश्न याच दिवसांत निघतो. चर्चच्या नियमाने शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, मासे चालतात. हा नियम चौदा वर्षांपुढच्यांना आहे आणि उपवास अठरा वर्षांपुढच्यांना. प्राथमिक शाळेतल्या मुलाला यातलं काहीच बंधनकारक नाही. घरची रीत म्हणून मुलं पाळतात ते चांगलंच, पण उपाशीपोटी मूल शाळेत पाठवू नये. त्यापेक्षा खाऊचे पैसे वाचवून दानपेटीत टाकायला शिकवतात, ते मुलांना जास्त कळतं.

प्रार्थना मराठीत, शाळा इंग्रजीत

वसईच्या कॅथलिक समाजाचा खरा पेच भाषेचा आहे. घरात कुणी कादोडी म्हणजे सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी. चर्चमधल्या प्रार्थना प्रमाण मराठीत. आणि मूल इंग्रजी माध्यमात. आठ वर्षांच्या पोराला तीन भाषा सांभाळाव्या लागतात.

मराठीशी या श्रद्धेचं नातं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आज इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे आणि त्यामागे पोटापाण्याचं कारण आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. पण विषय म्हणून मराठी आली तरी प्रार्थनापुस्तक सरसर वाचता येईलच असं नाही. ‘नमो मरिया’ पाठ असतं, पण त्यातला शब्द विचारला की मूल आईकडे बघतं. आजी मराठीत प्रार्थना सुरू करते आणि नातू पुटपुटत राहतो. इथे शाळेला दोष देऊन भागणार नाही. रोज रात्री दहा मिनिटं देवनागरीतलं एक पान मोठ्याने वाचून घेतलं तर फरक पडतो.

त्याच व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आई-वडील हेच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं म्हटलं आहे. कॅथलिक पालकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. शाळा हातभार लावते, शिकवायचं घरीच.

प्रवेश घेण्याआधी हे विचारा

१. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित? अल्पसंख्याक दर्जा आहे का?
२. परिपाठात कोणती प्रार्थना असते? आपल्या मुलाने नुसतं शांत उभं राहिलं तर चालेल का?
३. धर्मशिक्षणाच्या तासाला इतर मुलं कुठे बसतात आणि काय शिकतात?
४. मिस्साच्या दिवशी इतर मुलांसाठी काय सोय असते?
५. कॅथलिक मुलांसाठी स्नानसंस्काराचा दाखला लागतो का? लागत असेल तर तो ज्या धर्मग्रामात संस्कार झाला तिथल्या कार्यालयातून मिळतो.
६. पालक-शिक्षक संघाची सभा कधी असते?

उत्तरं तोंडी मिळाली तरी संमतीचा किंवा नकाराचा अर्ज मात्र लेखी द्यावा आणि त्याची पोच घेऊन ठेवावी. वर्षाच्या मध्ये वाद काढण्यापेक्षा जूनमध्येच बोलून घेतलेलं बरं, कारण मोठ्यांच्या वादात बाकावर एकटं पडतं ते मूल.